या गेजचं कॅलिब्रेशन कधी झालं?

ऑनलाइन अर्जातला ‘करंट सीटीसी’ हा रकाना रिकामा सोडता येत नाही. माझी नोकरी गेलेली होती. मग चालू पगार म्हणून काय लिहायचं? शून्य टाकलं की लाल अक्षरांत ‘योग्य आकडा भरा’ असं यायचं. जुना पगार टाकला की पुढचा रकाना नोटीस पिरियड विचारायचा, आणि त्यात १५, ३०, ६०, ९० दिवस एवढेच पर्याय. नोकरीच नसलेल्या माणसाने त्यातलं काय निवडायचं हे कुठेही लिहिलेलं नव्हतं, आणि विचारावं तर समोर माणूस नव्हता. नोकरी शोधताना मला सगळ्यात जास्त गोंधळात टाकलं ते यानेच. काय चुकतंय ते सांगणारं कोणी नाही, आणि बरोबर चाललंय हेही सांगणारं कोणी नाही.

मी क्वालिटीतला माणूस. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात इन्स्पेक्टर म्हणून लागलो आणि वीस-बावीस वर्षांत क्वालिटी इन-चार्जपर्यंत पोहोचलो. काम इंजिनाच्या सुट्या भागांचं. टर्निंग, ग्राइंडिंग, होनिंग होऊन पार्ट आमच्या टेबलावर यायचा आणि आमची सही झाल्याशिवाय गाडीत चढायचा नाही. शेवटच्या कारखान्याची मोठी ऑर्डर हातची गेली, आधी रात्रपाळी बंद झाली, मग दुसरी पाळी, मग आमचा हिशेब झाला. त्याबद्दल कोणाविषयी तक्रार नाही. सांगायचं आहे ते त्यानंतरचं.

याआधी अर्ज नावाची गोष्ट मी जवळजवळ केलीच नव्हती. पहिली नोकरी वर्तमानपत्रातली छोटी जाहिरात पाहून मिळाली. सर्टिफिकेटांची फाइल घेऊन गेटवर गेलो, वॉचमनदादांनी आत फोन लावला, क्वालिटी मॅनेजरांनी हातात मायक्रोमीटर आणि एक पिन दिली आणि म्हणाले, “माप सांगा.” सांगितलं. पुढच्या आठवड्यात कामावर रुजू. नंतरच्या नोकऱ्या ओळखीने मिळाल्या. सोबत काम केलेला माणूस दुसरीकडे गेला की तिथून बोलावणं यायचं. आता चाळिशी उलटल्यावर मी फाइल घेऊन चाकणला गेलो, तेव्हा गेटवरचा मुलगा अदबीने म्हणाला, “काका, इथे कागद घेत नाहीत. वेबसाइटवर टाका.” त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याला तसंच सांगितलेलं होतं.

वेबसाइटवर टाकत गेलो. बहुतेक ठिकाणी काहीच उत्तर आलं नाही. एकदा रविवारी रात्री जेवणानंतर अर्ज केला आणि झोपायच्या आत नकाराचं ईमेल आलं. ‘आपल्या प्रोफाइलचा काळजीपूर्वक विचार केला’ असं त्यात लिहिलेलं होतं. रविवारी रात्री कोणत्या कंपनीत माणूस बसून काळजीपूर्वक विचार करतो? कारण दिलेलं नव्हतं. आमच्या खात्यात एकही पार्ट कारणाशिवाय रिजेक्ट होत नाही. लाल टॅग लागतो आणि त्यावर लिहावं लागतं: बोअर ओव्हरसाइज, थ्रेड डॅमेज, गंज. कारण न लिहिता पार्ट लाल बिनमध्ये टाकणाऱ्या इन्स्पेक्टरला मी टेबलाशी बोलावून विचारलेलं आहे. त्यामुळे कारण नसलेला नकार घ्यायचा कसा, हेच मला कळत नव्हतं.

मुलगी म्हणाली, “बाबा, हे एटीएसने केलं असणार.” हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. अ‍ॅप्लिकंट ट्रॅकिंग सिस्टिम, म्हणजे आलेले अर्ज साठवणारं, लावून ठेवणारं आणि शोधून देणारं सॉफ्टवेअर. वाचत गेलो तेव्हा कळलं, की हे प्रकरण नवं नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीला अमेरिकेत रेझ्युमिक्स नावाची कंपनी निघाली. ती कागदी रेझ्युमे स्कॅन करून त्यातली अक्षरं संगणकाला वाचायला लावायची. पुढे इंटरनेट आलं, आपल्याकडे १९९७ मध्ये नौकरी डॉट कॉम सुरू झालं, आणि अर्ज करणं एका बटणावर आलं. बटणावर आलं म्हणजे एका जागेला शेकड्यांनी, हजारांनी अर्ज येऊ लागले. एवढे कागद कोणी वाचायचे? म्हणून आज मोठ्या कंपन्यांत वर्कडे, ओरॅकलचं टॅलिओ, एसएपीचं सक्सेसफॅक्टर्स, आपल्याकडचं झोहो रिक्रूट अशी सॉफ्टवेअरं असतात. अर्ज आधी त्यांच्यात जातो.

तो तिथे गेल्यावर काय होतं, हे कळायला मला सगळ्यात जास्त मदत एका साध्या तपासणीने केली. आपला रेझ्युमे उघडायचा, सगळा मजकूर निवडायचा, कॉपी करायचा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करायचा. रंग, चौकटी, फोटो सगळं गळून पडतं आणि नुसती अक्षरं उरतात. सॉफ्टवेअरच्या हातात साधारण तेवढंच लागतं. वाचणाऱ्यांनी ही तपासणी आजच करावी. पैसे लागत नाहीत.

माझा रेझ्युमे मुलीने एका तयार टेम्प्लेटमध्ये बसवून दिला होता. दिसायला सुरेख, दोन कॉलमचा. डावीकडे निळ्या पट्टीत नाव, फोन, कौशल्यं. उजवीकडे अनुभव. नोटपॅडमध्ये जे उतरलं ते पाहून मी खरंच हबकलो. दोन्ही कॉलमच्या ओळी एकमेकींत घुसल्या होत्या. ‘क्वालिटी इन-चार्ज’ या पदाच्या पुढे कारखान्याचं नाव येण्याऐवजी ‘व्हर्नियर, हाइट गेज’ आलं होतं आणि कारखान्याचं नाव तारखांच्या खाली कुठेतरी एकटं पडलं होतं. मथळ्यांत शोभेसाठी अक्षरांमध्ये जागा सोडलेल्या होत्या, त्यामुळे ‘एक्स्पीरियन्स’ हा शब्द सुट्या अक्षरांची रांग झाला होता. माणूस तो जुळवून वाचतो, सॉफ्टवेअर वाचेलच असं नाही. कौशल्यांपुढे काढलेले पाच-पाच गोल तर पूर्ण नाहीसे झाले. सीएमएम हे मापं घेणारं यंत्र मला पाचपैकी चार येतं हे त्या गोलांवरूनच कळणार होतं.

एक गोष्ट मुलीच्याही लक्षात यायला वेळ लागला. इंग्रजीतली एफ आणि आय ही अक्षरं शेजारी आली की काही फाँट ती जोडून एकच आकार करतात. छापलेलं छान दिसतं, पण कॉपी करताना काही पीडीएफमधून ती जोडी गळते. माझ्या कागदावर ‘क्वालिफिकेशन’, ‘सर्टिफाइड’, ‘व्हेरिफिकेशन’ हे सगळे शब्द मधून तुटलेले होते. क्वालिटीतल्या माणसाच्या रेझ्युमेत हे शब्द किती वेळा येतात, ते या क्षेत्रातल्यांना सांगायला नको. शिवाय क्वालिटी सर्कलच्या स्पर्धेत मिळालेल्या बक्षिसाचं नाव मराठीत होतं. डीटीपीवाल्याने ते जुन्या, युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेलं होतं. कागदावर ते शुद्ध देवनागरी. नोटपॅडमध्ये रोमन अक्षरं आणि चिन्हांचा कचरा. मराठी मजकूर घालायचा असेल तर युनिकोडमध्येच घालावा, हे तेव्हा कळलं. डिप्लोमाच्या गुणपत्रिकेची स्कॅन केलेली पीडीएफ पेस्ट करायला गेलो तर काहीच आलं नाही, कारण ते चित्र होतं, त्यात अक्षर एकही नव्हतं.

आम्ही रेझ्युमे पुन्हा लिहिला. एक कॉलम, चौकट नाही, फोटो नाही, नाव आणि फोन पानाच्या वरच्या समासात न ठेवता मजकुरातच, मथळे सगळ्यांना माहीत असलेले, तारखा महिना आणि चार आकडी वर्ष अशा. दिसायला तो आता आमच्या कंट्रोल प्लॅनसारखा कोरडा दिसतो. मला आवडतो.

एवढं करूनही फोन येईनात. मग माझ्या जुन्या सहकाऱ्याची मुलगी आठवली. ती पुण्यात एका प्लेसमेंट कन्सल्टंटकडे रिक्रूटर आहे. रविवारी घरी आली, लॅपटॉप उघडला आणि म्हणाली, “काका, मी शोधते कशी ते बघा, मग तुमच्या लक्षात येईल.” कोणाचीही माहिती न दाखवता तिने फक्त शोधायची जागा दाखवली. वर शब्द टाकायची पट्टी. त्यात अँड, ऑर, नॉट लावून शब्द जोडता येतात. खाली अनुभव किती ते किती, गाव, सध्याचा पगार, नोटीस पिरियड, आणि उमेदवार शेवटचा कधी साइटवर येऊन गेला.

“समजा हजार नावं आली,” ती म्हणाली, “तर मी एकेक फिल्टर लावत जाते. शंभराच्या आत आली की वाचायला घेते. त्याच्या बाहेरच्यांना मी नाही म्हणत नाही काका, मला ते दिसतच नाहीत.”

मी विचारलं, “मग सॉफ्टवेअर रिजेक्ट करतं म्हणतात ते?”

“बहुतेक ठिकाणी ते रेझ्युमे वाचून स्वतः कोणाला काढत नाही. रांग लावतं. रांगेत मागे पडलं की माणूस तिथपर्यंत पोहोचत नाही, एवढंच. काढतं ते प्रश्नांवर. अर्जात हो-नाहीचे प्रश्न असतात ना, त्यांत कंपनीने एखादं उत्तर ‘बाद’ म्हणून लावून ठेवलेलं असतं. तुमचं रविवार रात्रीचं ईमेल त्यातलं.”

मी तो अर्ज आठवला. प्रश्न होता, तुमच्याकडे बी.ई. किंवा बी.टेक. आहे का. मी ‘नाही’ लिहिलं होतं, कारण नाहीच आहे.

प्रश्नाकडे नंतर येतो. आधी शब्दांचं. तिने माझ्यासमोर क्वालिटी इन-चार्जच्या जागेसाठी जसा शोध घेतील तसा घेतला. त्यात ‘आयएटीएफ १६९४९’ हा शब्द होता. वाहन उद्योगातल्या क्वालिटी सिस्टिमचं हे स्टँडर्ड. माझ्या रेझ्युमेत लिहिलेलं होतं ‘टीएस १६९४९’. ज्यांनी ऑडिट दिली आहेत त्यांना हा इतिहास माहीत आहे. आयएसओ टीएस १६९४९ हे जुनं स्टँडर्ड. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याच्या जागी आयएटीएफ १६९४९ आलं आणि जुनी सर्टिफिकेटं सप्टेंबर २०१८ नंतर संपली. मी दोन्हीवर काम केलं. बदलाच्या काळात आमच्या कारखान्याची सगळी कागदपत्रं नव्या कलमांप्रमाणे मीच फिरवून लिहिली. पण रेझ्युमेतली ओळ त्याआधीची होती. क्वालिटीतला कोणीही माणूस टीएस वाचून ओळखेल, की याला ऑडिट ठाऊक आहेत. शब्द जुळवणाऱ्या शोधाला मात्र हे दोन वेगळे शब्द. त्यात माझं नाव आलंच नाही.

तसंच पीपीएपीचं, एफएमईएचं, एसपीसीचं. आम्ही शॉपमध्ये आद्याक्षरंच बोलतो. जाहिरातीत कोणी ‘प्रॉडक्शन पार्ट अप्रूव्हल प्रोसेस’ असं सबंध लिहितं. तिचा सल्ला सरळ होता: पहिल्यांदा दोन्ही लिहा, आणि जाहिरातीत जो शब्द आहे तोच वापरा, अर्थात ते काम तुम्ही खरंच केलेलं असेल तर. गावाच्या रकान्यात मी ‘भोसरी’ लिहिलं होतं. तिने ‘पुणे, पिंपरी-चिंचवड’ करायला लावलं. आणि नुसतं ‘इन्स्पेक्शन केलं’ असं लिहू नका, कशावर केलं, कोणत्या उपकरणाने, कस्टमर कम्प्लेंट आल्यावर पुढे काय केलं, ते लिहा, म्हणाली. हा सल्ला सॉफ्टवेअरसाठी नव्हता. शेवटी वाचणाऱ्या माणसासाठी होता, आणि मला तो सगळ्यात मोलाचा वाटला.

या काळात सल्ले देणारे आणखीही भेटले. एकाने सांगितलं, की जाहिरातीतला सगळा मजकूर रेझ्युमेच्या शेवटी पांढऱ्या अक्षरांत पेस्ट करायचा. माणसाला दिसत नाही, सॉफ्टवेअर वाचतं. मी केलं नाही. नोटपॅडच्या त्याच तपासणीत ती पांढरी अक्षरं काळी होऊन समोर येतात, हे एक झालं. पण मुळात ते इन्स्पेक्शन रिपोर्टमध्ये न घेतलेलं रीडिंग भरण्यासारखं आहे. वीस वर्षं ज्या गोष्टीसाठी पोरांना ओरडलो, ती मी माझ्याच कागदावर करणार नव्हतो. काही साइट ‘एटीएस स्कोअर’ देतात आणि वाढवून देण्याचे पैसे मागतात. एकच रेझ्युमे दोन साइटवर टाकला तर एकीकडे निम्म्याच्या खाली आला आणि दुसरीकडे ऐंशीच्या पुढे. एकाच पार्टला दोन गेज इतकी वेगळी मापं दाखवू लागले, तर आम्ही दोन्ही गेज बाजूला काढतो. सगळ्या कंपन्यांना लागू असा एकच स्कोअर अस्तित्वात नाही. प्रत्येकाचं सॉफ्टवेअर वेगळं, त्यात लावलेल्या अटी वेगळ्या. ७५ टक्के रेझ्युमे माणसाच्या नजरेआधीच फेकले जातात, असंही अशा साइटवर ठळक लिहिलेलं असतं. ज्यांनी या आकड्याचा माग काढला, ते रेझ्युमे सुधारून देण्याचा धंदा करणाऱ्या आणि पुढे बंद पडलेल्या एका अमेरिकी कंपनीच्या जाहिरातबाजीपर्यंत पोहोचले. त्यामागे कोणताही अभ्यास सापडला नाही. घाबरलेल्या माणसाकडून पैसे काढायला असा आकडा बरा पडतो. नव्याने नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींनी तो वाचून रात्र जागवू नये.

आता त्या प्रश्नाकडे.

गो–नो-गो प्लग गेज ज्यांनी पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी सांगतो. छोटा दांडा, दोन टोकं. ‘गो’ टोक भोकात गेलं पाहिजे, ‘नो-गो’ टोक जाता कामा नये. क्षणात निकाल. बोअरचं माप नेमकं किती ते हा गेज सांगत नाही, मर्यादेत आहे की नाही एवढंच सांगतो. आतला फिनिश कसा आहे, हार्डनेस किती, बारीक तडा आहे का, यातलं काही त्याला विचारायचंच नसतं. दिवसाला हजारो पार्ट तपासायचे तर असा गेज लागतोच, आणि त्याच्याशी माझं भांडण नाही. हजार अर्ज आलेल्या रिक्रूटरलाही तो लागणार. हो-नाहीचे ते प्रश्न म्हणजे असाच गेज आहे, हे मला त्या दिवशी घरच्या टेबलाशी बसून समजलं, आणि समजल्याबरोबर बरेच दिवसांचा गोंधळ गेला. कारण गेजच्या बाबतीत कोणते प्रश्न विचारायचे, ते मला माहीत आहे.

पहिला प्रश्न: हा गेज ज्या मापासाठी लावला, त्या मापाचा पार्टच्या कामाशी संबंध आहे का? ड्रॉइंगवर प्रत्येक टॉलरन्सला कारण असतं. क्वालिटी इन-चार्जच्या कामात बी.ई. ही पदवी कोणतं कारण पुरं करते? डिझाइनच्या जागेसाठी मी समजू शकतो. शॉपफ्लोअरवरच्या जागेसाठी वीस वर्षांच्या डिप्लोमावाल्याला पहिल्याच प्रश्नावर बाद करणं, म्हणजे ड्रॉइंगवर नसलेलं माप तपासणं आहे.

दुसरा: या गेजचं कॅलिब्रेशन कधी झालं? आमच्याकडे प्रत्येक गेजवर स्टिकर असतो, कधी तपासला आणि पुन्हा कधी तपासायचा. तारीख उलटलेला गेज मशीनवर सापडला तर ऑडिटर नॉन-कन्फॉर्मन्स लिहितो. गेज झिजतो. झिजला की चुकीचा निकाल देतो आणि तेवढ्याच खात्रीने देतो. अर्जातले प्रश्न कोणी तपासतं का?

तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. लाल बिन कोण उघडतं? आमच्या लाल बिनला कुलूप असतं, पण आठवड्याला बैठक होते. एकेक पार्ट बाहेर काढून ठरतं, की हा रीवर्क होईल, हा कस्टमरला विचारून घेता येईल, हा भंगारात. कधीकधी असाही पार्ट निघतो, जो मुळात चांगला होता. मग पार्ट नाही, गेज तपासायला जातो. बाद झालेले अर्ज मात्र कोणी पुन्हा उघडत नाही. त्यामुळे चांगली माणसं बाद होत असतील, तरी कंपनीला ते कधी कळतच नाही. “माणसं मिळत नाहीत” ही तक्रार मात्र पिंपरी-चिंचवडच्या प्रत्येक कारखान्यात ऐकू येते.

हे मी एकटाच म्हणतो असं नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि अ‍ॅक्सेंचर यांनी २०२१ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या कंपन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ८८ टक्के कंपन्यांनी मान्य केलं, की जाहिरातीतल्या अटींशी तंतोतंत न जुळल्यामुळे कुशल, काम करू शकणारी माणसं आपल्याच सिस्टिममधून गळून जातात. जवळपास निम्म्या कंपन्या सहा महिन्यांपेक्षा जास्त खंड असलेल्याला बाजूला काढत होत्या. कारण काहीही असो, बाळंतपण, घरातलं आजारपण किंवा कारखाना बंद पडणं. ते वाचलं तेव्हा मला माझ्यापेक्षा माझी बहीण आठवली. सासूबाईंच्या आजारपणासाठी तिने अकाउंट्सची नोकरी सोडली आणि नंतर तिला कोणी बोलावलंच नाही. ती अजूनही समजते, की आपलंच काही कमी पडलं.

गेज ज्यावर सेट करायचा तो मास्टर पीसच वाकडा असेल तर काय होतं, तेही घडून गेलं आहे. अ‍ॅमेझॉनने मागच्या दहा वर्षांचे रेझ्युमे शिकवून निवडीचं एक सॉफ्टवेअर तयार केलं होतं. ते रेझ्युमे बहुतांशी पुरुषांचे होते. सॉफ्टवेअरने त्यातून शिकून स्त्रियांच्या रेझ्युमेंना मागे ढकलायला सुरुवात केली. ते गुंडाळावं लागल्याचं रॉयटर्सने ऑक्टोबर २०१८ मध्ये छापलं. अमेरिकेतच ‘मोब्ली विरुद्ध वर्कडे’ हा खटला २०२३ मध्ये दाखल झाला. अर्ज चाळणारं सॉफ्टवेअर वय, वंश आणि अपंगत्व यांवरून भेदभाव करतं, असा त्यातला दावा. कंपनीने तो नाकारला आहे. मे २०२५ मध्ये न्यायालयाने वयाच्या मुद्द्यावर, चाळिशीपुढच्या अर्जदारांसाठी, तो सामूहिक दावा म्हणून पुढे न्यायला प्राथमिक परवानगी दिली. माझ्या वयाच्या माणसाने ही बातमी लक्ष देऊन वाचली, यात नवल नाही.

आणि कॅलिब्रेशनचं म्हणाल तर न्यूयॉर्क शहराने तसा कायदाच केला. ५ जुलै २०२३ पासून तो अमलात आहे. नोकरभरतीत असं स्वयंचलित साधन निवडीसाठी वापरायचं असेल, तर बाहेरच्या माणसाकडून दरवर्षी पक्षपाताची तपासणी करून घ्यायची, तिचा सारांश लोकांसमोर ठेवायचा आणि उमेदवाराला तसं कळवायचं. वाचून मला बरं वाटलं. गेजला स्टिकर लावायला सांगितला कोणीतरी. आपल्याकडे अशी तपासणी सक्तीची नाही.

माझं पुढे काय झालं ते थोडक्यात. नव्या रेझ्युमेनंतर फोन येऊ लागले. भराभर नाही, पण येऊ लागले. शेवटी चाकणच्या एका मध्यम कारखान्यात लागलो. तिथे पदवीचा प्रश्न बाद करणारा नव्हता, आणि इंटरव्ह्यूत प्लांट हेडनी टीएसवरून आयएटीएफवर जातानाची कागदपत्रं कशी फिरवली, हेच तासभर विचारलं. पगार आधीपेक्षा थोडा कमी आहे. काम तेच आहे.

रुजू झाल्यावर काही दिवसांनी आमच्याच खात्यात इन्स्पेक्टरची जागा निघाली. एचआरच्या मॅडमना विचारून मी ऑनलाइन अर्जातले प्रश्न मागवून घेतले. ‘बी.ई. आहे का? नसल्यास बाद.’ ‘मागच्या सहा महिन्यांत नोकरीत खंड आहे का? असल्यास बाद.’ मी विचारलं, “मॅडम, हे कोणी ठरवलं?” त्यांनी शोधून प्रामाणिकपणे सांगितलं, की आधीच्या एका जागेची जाहिरात तशीच कॉपी झाली होती, अटी मुद्दाम कोणी ठरवलेल्या नव्हत्या. आम्ही दोघं प्लांट हेडकडे गेलो. आमच्या खात्यातला सगळ्यात पक्का इन्स्पेक्टर आयटीआय करून आलेला आहे, आणि आईच्या आजारपणात तो वर्षभर घरी होता. या प्रश्नांवर तो दोनदा बाद झाला असता. प्रश्न त्याच दिवशी बदलले. आता पहिला प्रश्न विचारतो, की व्हर्नियर आणि मायक्रोमीटरवर स्वतः किती वर्षं काम केलं आहे. खंडाचा प्रश्न काढून टाकला.

तुम्ही क्वालिटीत असा, स्टोअरमध्ये, मेंटेनन्समध्ये, अकाउंट्समध्ये, कुठल्याही खात्याचे प्रमुख असा. तुमच्या नावाने निघालेल्या जागेसाठी कोणते प्रश्न लावले आहेत, ते एकदा एचआरकडून मागून घ्या. आज तुमच्या हाताखाली असलेल्या सगळ्यात चांगल्या माणसाला ते प्रश्न लावून बघा. तो बाद होत असेल, तर तो प्रश्न काढायला लावा.